धावणारे पाऊल आणि मापनाची साधने : इजेच्या कारणमीमांसेचा इतिहास

मनुष्याच्या चालण्याधावण्याचा पद्धतशीर शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. तेव्हापासून आजपर्यंत धावण्याची गतिमीमांसा, पाय व पाऊल यांना होणाऱ्या इजा, आणि वेग वाढविण्याचे उपाय हे तीन विषय एकमेकांत गुंतत गेले आहेत. हा इतिहास बहुधा अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणारी सरळ वाटचाल म्हणून सांगितला जातो. तथापि इजेच्या कारणासंबंधीची मते कालक्रमाने मांडून पाहिली असता निराळेच चित्र दिसते. ज्या काळी जे साधन उपलब्ध होते व त्या साधनाने जे मोजता आले, तेच त्या काळी इजेचे कारण ठरले. ही प्रवृत्ती कशी बळावली आणि तिचे परिणाम काय झाले, ह्याचे विवेचन करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय.

१. लंबकापासून छायाचित्रापर्यंत

विल्हेल्म व एडुआर्ड वेबर ह्या जर्मन बंधूंनी १८३६ साली मनुष्याच्या चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे टाकला जाणारा पाय गुरुत्वाकर्षणाने लंबकासारखा झुलतो, त्यासाठी स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत, अशी त्यांची उपपत्ती होती. अंतर आणि काळ ह्या दोन परिमाणांवर मुख्यतः विसंबलेल्या अभ्यासातून लंबकाची उपमा निघावी, हे स्वाभाविकच होते.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे ह्याने ह्यापुढचे पाऊल टाकले. त्याने बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी बसविली आणि ती रबरी नळीने धावणाऱ्याच्या हातातील नोंदयंत्राशी जोडली. पाऊल जमिनीवर टेकताच हवा दाबली जाई आणि यंत्रातील लेखणी रेघ उमटवी. धावताना दोन्ही पाय किती काळ अधांतरी असतात आणि पाऊल किती काळ जमिनीवर टेकते, ह्याचा लेखी पुरावा त्यामुळे प्रथमच मिळाला. ह्या प्रयोगांचे वर्णन १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्राणियंत्रविषयक ग्रंथात आहे. पुढे १८८२ पासून त्याने एकाच काचेवर क्रमाने अनेक छायाचित्रे घेण्याची पद्धती अवलंबिली. लायप्झिग येथे ब्राउने व फिशर ह्यांनी १८९१ साली अंधारात, अंगावर प्रकाशनलिका बांधलेल्या मनुष्याची छायाचित्रे घेतली. त्यांवरील गणित पुढे कित्येक वर्षे चालले, आणि झुलणाऱ्या पायाची गती केवळ गुरुत्वाकर्षणाने होत नाही, तीत स्नायूंचा वाटा असतो, हे फिशरने दाखवून दिले. वेबर बंधूंची उपपत्ती अशा रीतीने मागे पडली.

२. सैनिकाचे सुजलेले पाऊल

इजांचा अभ्यास मात्र प्रयोगशाळेत न होता लष्करी छावणीत सुरू झाला. प्रशियन सैन्यातील वैद्य ब्राइटहौप्ट ह्याने १८५५ साली लांब कूच केल्यानंतर सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या वेदनायुक्त सुजेचे वर्णन केले. ही सूज कंडरांच्या आवरणाच्या दाहामुळे येते, असे त्याचे मत होते. डोळ्यांनी दिसणारी सूज आणि बोटांनी जाणवणारे दुखरे स्थान एवढीच सामग्री हाती असताना ह्याहून निराळे अनुमान निघणे कठीण होते.

राँटगेनने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि दोनच वर्षांत, १८९७ साली, स्टेखोव ह्याने अशाच सुजलेल्या पावलांच्या चित्रांत बोटांमागील लांब हाडे भंगलेली असल्याचे दाखवून दिले. दाह म्हणून ज्याची गणना होत होती तो वस्तुतः अस्थिभंग होता. तो एका मोठ्या आघाताने नव्हे, तर लहान लहान भारांच्या पुनरावृत्तीने झालेला होता. नवे साधन येथे निर्विवादपणे उपकारक ठरले. परंतु ह्याच यशाने अभ्यासकांच्या मनात एक अपेक्षाही रुजविली. साधनात काही दिसले म्हणजे तेच कारण, ही ती अपेक्षा होय. हाड कोठे भंगले हे क्ष-किरणांनी सांगितले. एकाच पलटणीतील, सारखेच अंतर चाललेल्या सैनिकांपैकी काहींचेच हाड का भंगले, हे त्या चित्रात दिसण्याजोगे नव्हते.

३. आघात आणि कल

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धावणे हा सर्वसामान्य नागरिकांचा व्यायाम बनला. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन ह्यांचे जॉगिंगवरील पुस्तक १९६७ साली निघाले; १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमधील मॅरेथॉन फ्रँक शॉर्टर ह्यांनी जिंकली आणि त्या देशात धावणाऱ्यांची लाट उसळली. त्याबरोबरच गुडघा, नडगी, घोट्यामागील कंडरा व टाच ह्यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्याही वाढली. धावण्याच्या बुटांचा मोठा उद्योग ह्याच काळात उभा राहिला.

ह्या काळाचे प्रमुख साधन म्हणजे जमिनीत बसविलेला बलमापक पाट. कॅव्हना व लाफॉर्च्यून ह्यांनी १९८० साली अशा पाटावर १७ धावपटूंची पावले तपासली. टाचेने टेकणाऱ्या पावलाच्या आलेखात प्रारंभीच एक तीव्र शिखर उमटते आणि त्यानंतर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असे दुसरे, पसरट शिखर येते, हे त्यांतून स्पष्ट झाले. आलेखातील ते पहिले तीक्ष्ण टोक म्हणजेच इजेचे मूळ, अशी समजूत पुढे दृढ झाली आणि टाचेखाली मऊ थर वाढविणे हा त्यावरील उपाय मानला गेला. मागून घेतलेल्या चलच्चित्रांत पाऊल टेकल्यावर आतल्या बाजूस कलताना दिसे. तो कलही दोषी ठरला. ओल्या पावलाचा ठसा पाहून सपाट, मध्यम व उंच कमानीचे पाय असे वर्गीकरण करावे आणि त्यानुसार बूट द्यावेत, हा शिरस्ता पडला.

ह्या शिरस्त्याची खरी परीक्षा होण्यास बराच काळ लागला. २००९-१०च्या सुमारास अमेरिकेच्या भूसेना, हवाई दल व मरीन दलातील नव्या भरतीच्या सैनिकांवर तुलनात्मक चाचण्या झाल्या. कमानीच्या उंचीनुसार बूट दिलेल्या सैनिकांच्या इजा, सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेल्यांपेक्षा कमी झाल्याचे आढळले नाही. डेन्मार्कमधील ९२७ नवशिक्या धावकांचा वर्षभर मागोवा घेणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आत कलणाऱ्या पावलांना अधिक इजा होतात असे दिसले नाही. मापन अचूक होते. मापनाचा इजेशी जोडलेला संबंध मात्र गृहीत धरलेला होता.

४. अनवाणी पावलाचा पुरावा

बुटांविषयीचा संशय बळावताच अनवाणी धावणाऱ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० साली रोम येथे अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकले होते. परंतु १९६४ साली तोक्यो येथे तेच बूट घालून, पूर्वीपेक्षा तीन मिनिटांहून अधिक कमी वेळात जिंकले, हेही स्मरणात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासातही ह्या प्रश्नाचा एक धागा आढळतो. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी वर्गातील तरुण अनवाणी धावत. त्यांच्या वेळा युरोपातील वेळांच्या जवळपास येतात, हे पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस १९२९ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकीकत नमूद केली आहे. त्यातूनच १९२० साली अँटवर्पला भारतीय चमू गेला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. जिमखान्याच्या मैदानावर साधन होते ते घड्याळ. म्हणून नोंद राहिली ती वेळेची. पाऊल कसे टेकते, ह्याची नोंद ठेवण्याचे प्रयोजनच तेथे नव्हते.

अशी नोंद करणारा डॅनिएल लिबरमन व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. केनियाच्या रिफ्ट खोऱ्यातील अनवाणी वाढलेले धावपटू बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यांच्या आलेखात ते तीक्ष्ण शिखर उमटत नाही, असे त्यात दिसले. चवड्यावर उतरणे हेच मानवाचे नैसर्गिक धावणे, असा अर्थ अनेकांनी त्यावरून काढला. परंतु उत्तर केनियातील दासनाच लोकांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, नेहमी अनवाणी असणारे लोकही स्वतःच्या सोयीच्या वेगाने धावताना बहुधा टाचेवरच उतरत असल्याचे आढळले. त्याच वर्षी पातळ तळव्याच्या बुटांकडे दहा आठवड्यांत वळलेल्या धावकांच्या पावलांची चुंबकीय अनुनाद पद्धतीने चित्रे घेण्यात आली. जुने बूट कायम ठेवणाऱ्यांपेक्षा त्यांच्या हाडांत सूज अधिक प्रमाणात दिसून आली. चवड्यावर उतरल्याने गुडघ्यावरील भार घटतो, पण तो पोटरी, कंडरा व पावलाची हाडे ह्यांवर जातो. ब्राइटहौप्टने वर्णिलेला विकार अशा रीतीने दीड शतकानंतर पुन्हा समोर आला.

५. वेगाची किंमत

वेगाच्या बाबतीतही हाच हिशेब लागू पडतो. कावान्या व सहकाऱ्यांनी १९६४ साली धावताना ऊर्जेचा काही भाग स्थितिस्थापकतेमुळे परत मिळत असल्याचे दाखविले. पावलाची कमानही स्प्रिंगप्रमाणे काम करते, हे १९८७ साली सिद्ध झाले. ह्याच तत्त्वाचा कृत्रिम विस्तार म्हणजे २०१७ साली बाजारात आलेले, जाड हलका फेस व कार्बनची पट्टी असलेले बूट. त्यांनी धावण्याचा ऊर्जाव्यय सरासरी सुमारे ४ टक्क्यांनी घटतो, असे मोजमाप प्रसिद्ध झाले. जानेवारी २०२० मध्ये जागतिक संघटनेला तळव्याच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. अशा बुटांत धावणाऱ्या काही खेळाडूंच्या पावलातील नौकाकृती अस्थीला ताणजन्य इजा झाल्याची प्रकरणे २०२३ साली नोंदली गेली. प्रकरणे थोडी असल्याने त्यांवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परंतु बचत झालेला भार अन्यत्र जातो काय, हा प्रश्न त्यांनी निश्चित उपस्थित केला आहे.

मऊ तळव्याचा प्रश्न ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. लक्झेंबर्ग येथे आठशेहून अधिक धावकांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मऊ तळव्याच्या बुटांत इजा खरोखरच कमी झाल्या. मात्र पुढील विश्लेषणात असे दिसले की, आघाताचे ते पहिले शिखर मऊ बुटांतच अधिक उंच होते. म्हणजे उपाय उपयोगी ठरला, पण ज्या कारणास्तव तो सुचविला गेला होता ते कारण टिकले नाही.

ह्या सर्व इतिहासावरून साधने निरुपयोगी होती, असा निष्कर्ष काढणे अयोग्य होय. हवेच्या बुटाशिवाय अधांतरी काळ कळला नसता आणि क्ष-किरणांवाचून सैनिकाचे भंगलेले हाड दाह म्हणूनच गणले गेले असते. परंतु साधन घटनेचे एक अंग दाखविते; त्या अंगाला कारणाचा दर्जा द्यावयाचा, तर अनेक माणसांचा दीर्घकाळ मागोवा घेणारी तुलना आवश्यक असते. ती होण्यापूर्वीच दिलेल्या शिफारशींची किंमत सैनिकांना व धावपटूंना स्वतःच्या पायांनी मोजावी लागते. आज मनगटावरील व बुटातील यंत्रे प्रत्येक पावलाची नोंद करीत असता ह्या इतिहासाचे स्मरण विशेष अगत्याचे आहे.