कचेरीच्या दारातील गोळीबार

बेचाळीसच्या चळवळीचा विषय निघाला की आम्हा नगरकरांच्या बोलण्यात भुईकोट किल्ला आल्यावाचून राहत नाही. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच आहे.) ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद याच किल्ल्यात आणून ठेवले होते. पंडित नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि आपल्यापैकी शंकरराव देव. पाहुणा आला की नेहरूंची खोली आम्ही त्याला अभिमानाने दाखवतो. त्या खोलीपाशी उभे राहिले म्हणजे मला मात्र नेहमी एकच प्रश्न पडतो. पुढारी एका रात्रीत उचलले गेले. आत त्यांना सुरुवातीला वर्तमानपत्रही मिळेना. मग पुढच्या महिनाभरात बाहेर खेड्यापाड्यांतून जे घडले, ते कोणाच्या सांगण्यावरून घडले?

या प्रश्नाचा माग काढू गेले की नगरची वेस ओलांडून साताऱ्याकडे जावे लागते. आमच्या नगरचे अच्युतराव पटवर्धनही भूमिगत होऊन त्याच मुलखाकडे वळले होते. तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता; आजच्या सांगली जिल्ह्यातला बराच भाग त्याच्यातच मोडत असे. त्या जिल्ह्यातील माणसांनी पुढाऱ्यांची वाट पाहिली नाही. ती सरळ मामलेदार कचेरीकडे चालत गेली.

कचेरीच का, हे आजच्या वाचकाला थोडे उलगडून सांगितले पाहिजे. कलेक्टर दूर, गव्हर्नर त्याहून दूर. शेतकऱ्याला सरकार दिसे ते तालुक्याच्या कचेरीत. साऱ्याचा वसूल तिथे, खजिना तिथे, खजिन्यावर बंदूकवाला पहारा तिथे, मॅजिस्ट्रेटचे अधिकार घेऊन बसलेला मामलेदार तिथे, आणि चुकल्यामाकल्याला कोठडीही जवळच. त्यात महायुद्ध चालू असल्यामुळे वॉरफंडाचा तगादा. माझे आजोबा कचेरीची पायरी चढण्यापूर्वी वहाणा खाली काढून ठेवीत, असे आमच्या घरी सांगतात. देवळात काढतात तशा नव्हेत, भीतीने.

१८७५ साली आमच्याच पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांतले कुणबी बिथरले, तेव्हा ते सावकाराच्या दारी गेले आणि त्यांनी कर्जरोखे मागितले. कागद जाळला की पीडा टळेल, ही त्यांची समजूत. बेचाळीसच्या माणसांनी कागद मागितला नाही. कचेरीवर तिरंगा लावू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. माझ्या मते सदुसष्ट वर्षांत आपल्या शेतकऱ्याची समज किती वाढली, ते या एका मागणीवरून मोजावे.

२४ ऑगस्टला कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला. पाटणला गेला. ३ सप्टेंबरला तासगावला हजारो माणसे जमली, आणि तिथे तर नवलच झाले. मामलेदाराने गांधी टोपी घातली, कचेरीवर झेंडा चढला आणि लोक जयजयकार करीत घरोघर परतले. ही वार्ता गावोगाव किती वेगाने गेली असेल, याची कल्पना करावी. सरकार म्हणजे तरी काय, दारात जाऊन उभे राहिले की टोपी घालते, असे भोळ्या माणसांना वाटले असल्यास त्यात नवल नाही.

सहा दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजचा मोर्चा निघाला. पुढाऱ्यांच्या अटकेला त्या दिवशी बरोबर महिना होत होता. खटाव तालुक्यातील गावोगावची माणसे आली होती आणि त्यांत वडगावचे लोक पुढे होते. हे वडगाव म्हणजे जयरामस्वामींचे; रामदास पंचायतनातले एक स्वामी तिथले. मठ, दिंडी, टाळ-मृदंग यांची सवय असलेले गाव. त्या गावचे परशुराम घार्गे हातात तिरंगा घेऊन आघाडीवर होते. कचेरीपाशी पोलिसांनी गोळीबार केला. घार्गे पडले. एकूण नऊ माणसे मेली आणि त्यांतली बरीच एकट्या वडगावची. एका गावात एका दिवशी इतक्या घरांत आकांत उठला, यापलीकडे मला त्याचे वर्णन करवत नाही.

त्याच दिवशी तिकडे खानदेशात नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीला बळी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. तिथे पडलेल्या दोघांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्या होते.

आता येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. बेचाळीसचा प्रत्येक जमाव शांत होता असे नाही. १६ ऑगस्टला चिमूरला गोळीबार झाला तसे जमावाच्या हातून अधिकारीही मारले गेले, आणि आष्टीला पोलीस. सरकारपक्षाचे लोक गोळीबाराचे समर्थन करताना हीच उदाहरणे पुढे करीत. पण तासगाव आणि वडूज ही दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यातली. कलेक्टर एक, कायदा एक, माणसे एकाच मातीतली, मागणीही तीच. एका दारात टोपी घातली गेली, दुसऱ्या दारात बंदूक उचलली गेली. तेव्हा गोळीबार अटळ होता, असे मला कोणी सांगू नये. तासगाव नसते तर कदाचित मी ते ऐकून घेतले असते.

वडूज आणि इस्लामपूरनंतर साताऱ्यात कचेऱ्यांवरचे ते मोर्चे थांबले. सरकारला वाटले, धाक बसला. प्रत्यक्षात लोकांनी कचेरीकडे जाणेच सोडले आणि कचेरी आपल्या गावात आणली. नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. गावोगाव न्यायदान मंडळे बसू लागली. बांधाचे तंटे, सावकाराचे हिशेब, बायकोला टाकून दिल्याच्या तक्रारी तिथेच मिटू लागल्या. जे तरुण मोर्चात रिकाम्या हातांनी गेले असते, ते आता हत्यारे जमवू लागले. १४ एप्रिल १९४४ला धुळ्याचा सरकारी खजिना लुटला गेला, त्यात साताऱ्याचेच लोक होते. त्यांच्या कित्येक कृत्यांबद्दल मतभेद आहेत आणि ते असावेतही. परंतु नि:शस्त्र माणसाला दारात गोळी घातल्यावर तो पुन्हा नि:शस्त्र येईल, ही अपेक्षा सरकारने कोणत्या तोंडाने करावी?

किल्ल्यातले पुढारी १९४५ साली नगरहून हलवले गेले आणि पुढे सुटले. १९४६ साली खेरांचे मंत्रिमंडळ आले, भूमिगतांवरची वॉरंटे उठली आणि नाना पाटील उघडपणे लोकांत आले. वडूजला हुतात्म्यांचे स्मारक झाले; तिथल्या विद्यालयाला परशुराम घार्ग्यांचे नाव आहे. खटाव तालुक्यातला शेतकरी सात-बाराच्या उताऱ्यासाठी पुढेही वडूजलाच येत राहिला.