सिम्युलेशन लीगमध्ये 'मॅनेजर ऑफ द इयर' कसा निवडतात?

फॅन्टसी क्रिकेटची टीम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लावली असेल. सिम्युलेशन लीग हा त्याचाच चुलतभाऊ, पण खेळायची पद्धत वेगळी. अशा लीगमध्ये सीझन संपला की ट्रॉफीशिवाय आणखी एक अवॉर्ड देतात: सर्वोत्तम मॅनेजरचा. ट्रॉफी दिलीच आहे, मग हा वेगळा अवॉर्ड कशाला? आणि द्यायचाच तर कोणत्या हिशोबाने? बेसबॉलचं उदाहरण घेऊन बघू, कारण हा प्रकार तिथे खूप जुना आहे.

सिम्युलेशन लीग म्हणजे काय?

शाळेत बुक क्रिकेट खेळला असालच. पुस्तक उघडायचं, पान नंबरचा शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आला की आउट. हेही सिम्युलेशनच आहे. फक्त त्यात सचिन आणि अकराव्या नंबरचा बॅट्समन यांना सिक्स मारायची संधी अगदी सारखी असते.

खऱ्या सिम्युलेशनमध्ये ही संधी खेळाडूच्या आकडेवारीवरून ठरते. अमेरिकेत हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये आणलेला 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' असाच आहे. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, फासे टाकायचे आणि कार्डावर काय निकाल आहे ते बघायचं. आज हेच काम 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल'सारखं सॉफ्टवेअर करतं. फाशांच्या जागी रँडम नंबर आले, एवढाच फरक.

फॅन्टसीत मॅच खरी असते आणि तुम्हाला खेळाडूंच्या कामगिरीचे पॉइंट मिळतात. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेलं ड्रीम इलेव्हन या प्रकारातलं. सिम्युलेशनमध्ये मॅचच कॉम्प्युटर खेळतो आणि तुम्ही टीम चालवता.

मॅनेजर नेमकं काय करतो?

बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच आणि मैदानावर निर्णय घेणारा कॅप्टन, दोन्ही एकात. बॅटिंग ऑर्डर, पिचर कधी बदलायचा, कोणाला विश्रांती द्यायची हे तो ठरवतो. सिम्युलेशन लीगमध्ये बहुतेक वेळा खेळाडूंची अदलाबदलही तुम्हीच करता.

आम्ही नसरापूरचे आठ मित्र अशी एक छोटी लीग चालवतो. काही जण पुण्यात नोकरीला आहेत, काही गावातच, एक जण वेल्ह्याच्या आतल्या बाजूला राहतो. एक जण कमिशनर असतो, त्याच्या लॅपटॉपवर लीगची फाइल. प्रत्येकाने ठरलेल्या वेळेआधी आपले बदल पाठवायचे, मग कमिशनर पुढच्या मॅचेस चालवतो. बदल आले नाहीत तर आधीचीच टीम खेळते.

अवॉर्डची गरज का पडते?

अशी लीग बहुतेक वेळा अर्ध्यातच बंद पडते. सातव्या-आठव्या नंबरवर असलेला मित्र म्हणतो, "आता काय उपयोग?" आणि बदल पाठवणं सोडून देतो. तो थांबला की त्याच्याविरुद्धच्या मॅचेस फुकटच्या होतात आणि टेबलला अर्थ उरत नाही. ट्रॉफी फक्त वरच्या दोन-तीन जणांना खेळात ठेवते. मॅनेजरचा अवॉर्ड नीट ठरवला तर तो शेवटच्यालाही ठेवतो. पण 'पहिला आला तोच सर्वोत्तम मॅनेजर' असं केलं तर ही दुसरी ट्रॉफीच झाली.

पद्धत १: मतदान

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये बेसबॉल पत्रकारांची संघटना १९८३ पासून 'मॅनेजर ऑफ द इयर' निवडते, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांचा एकेक. मतदार तीन नावं क्रमाने देतो, त्यांना ५, ३ आणि १ असे पॉइंट मिळतात. मतं प्लेऑफ सुरू होण्याआधीच घेतात, म्हणजे फायनलचा निकाल मतावर परिणाम करत नाही.

२००६ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सचे जो जिरार्डी नॅशनल लीगमधून निवडले गेले. त्यांची टीम ७८ मॅच जिंकली आणि ८४ हरली होती! नवख्या खेळाडूंची स्वस्तातली टीम एवढी लढेल असं कोणाला वाटलं नव्हतं. गंमत म्हणजे अवॉर्ड जाहीर होण्याआधीच टीमच्या मालकांनी त्यांना काढून टाकलं होतं.

मित्रांच्या लीगमध्ये मतदानाचा तोटा एकच: दोस्तीखात्यात मतं पडतात.

पद्धत २: रन्सवरून अपेक्षित विजय

बिल जेम्स यांचं एक प्रसिद्ध सूत्र आहे:

अपेक्षित विजयाचं प्रमाण = केलेल्या रन्सचा वर्ग ÷ (केलेल्या रन्सचा वर्ग + दिलेल्या रन्सचा वर्ग)

समजा सीझन ३० मॅचेसचा आहे.

- टीम 'अ': १५० रन्स केले, १२० दिले. अपेक्षित विजय सुमारे १८.३, प्रत्यक्षात २१. फरक +२.७.
- टीम 'ब': ११० रन्स केले, १३० दिले. अपेक्षित विजय सुमारे १२.५, प्रत्यक्षात १६. फरक +३.५.

टेबलमध्ये 'अ' वर आहे, पण या हिशोबात 'ब'चा मॅनेजर पुढे. फोनच्या कॅल्क्युलेटरवरही हे जमतं. मात्र एक त्रुटी आहे. मॅनेजरने हुशारीने खेळाडू बदलले तर रन्सच वाढतात, मग अपेक्षाही वाढते आणि त्याची मेहनत हिशोबात दिसत नाही.

पद्धत ३: तोच सीझन पुन्हा पुन्हा खेळवा

खऱ्या खेळात अशक्य असलेली ही गोष्ट सिम्युलेशनमध्ये सहज होते. सीझन सुरू होण्याआधीच्या फाइलची कॉपी ठेवा. कोणीही काही बदल न करता तोच सीझन शंभरेक वेळा चालवा आणि प्रत्येक टीमच्या विजयांची सरासरी काढा. समजा एका टीमची सरासरी ११ आली आणि तिच्या मॅनेजरने प्रत्यक्षात १६ जिंकून दिल्या, तर +५. यात अदलाबदल, बॅटिंग ऑर्डर सगळं मोजलं जातं. आठव्या नंबरच्या टीमचा आकडा मुळातच छोटा असतो, त्यामुळे तिच्या मॅनेजरलाही शेवटपर्यंत संधी राहते.

नशीब विसरू नका

नाणं ३० वेळा उडवलं तर छापा बरोबर १५ वेळाच येईल असं नाही. साधारण पाचपैकी चार वेळा तो १२ ते १८ च्या मध्ये कुठेतरी येतो. म्हणून दोन मॅनेजरमध्ये अर्ध्या-एका विजयाचा फरक असेल तर अवॉर्ड विभागून द्या. तिथे दशांश चिन्हावरून भांडण्यात अर्थ नाही.

सुरू करण्याआधी तीन नियम

१. पद्धत सीझनच्या आधी ठरवून ग्रुपवर पिन करा. निकाल दिसल्यावर सूत्र निवडलं की ते कोणाच्या तरी सोयीचंच निघतं.

२. 'किती वेळा लॉगिन केलं' यावर पॉइंट देऊ नका. डोंगराआड रेंज नसलेला आमचा मित्र चेलाडी फाट्यावर आला की एकदम आठवड्याचे बदल पाठवतो. रोज ॲप उघडणाऱ्यापेक्षा तो कमी विचार करतो असं थोडीच आहे? वेळेची मुदत मात्र सगळ्यांना जमेल अशी ठेवा.

३. शंभर-शंभर रुपये काढून बक्षीस ठेवू नका. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून, पैसे जिंकण्यासाठी खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, त्याने फरक पडत नाही. त्यानंतर ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

बक्षीस म्हणून फोनवर बनवलेलं एक सर्टिफिकेट पुरे. त्यावर नावाखाली अपेक्षित विजय आणि प्रत्यक्ष विजय असे दोन आकडे छापा. पुढच्या सीझनला शेवटच्या नंबरवरचा मित्रही ते दोन आकडे आठवून बदल पाठवत राहील.