"येरवड्याला न्या" म्हणण्याआधी

आमच्या यवतला कुणी जरा वेगळं वागलं, की पारावर एकच वाक्य : "याला येरवड्याला न्या." लहानपणी मीही म्हटलंय. आज त्याबद्दलच थोडं.

१८५४ साली पॅरिसच्या फाल्रे या डॉक्टरांनी मांडलं, की काही रुग्णांत उन्माद आणि उदासी आळीपाळीने येतात आणि हा एकच आजार आहे. १८९९ मध्ये जर्मनीच्या क्रेपेलिन यांनी रुग्णांचा वर्षानुवर्षांचा प्रवास बघून त्याला इतर आजारांपासून वेगळं काढलं. अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत 'बायपोलर' हे नाव १९८० ला आलं. आपल्याकडे मात्र १९१२ चा 'ल्युनसी' म्हणजे वेडेपणाचा कायदा. तो १९८७ च्या कायद्याने गेला. उपचार हा हक्क ठरला २०१७ ला.

पण निदान अजूनही मागचा इतिहास विचारूनच होतं. बायपोलर दाखवणारी रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. थायरॉईड तपासतात, ते दुसरं कारण नाही ना बघायला. डॉक्टर विचारतात : आठवडाभर झोप कमी, तरी अंगात जोर होता का? बोलणं थांबेना, पैसा उधळला, असं झालं का?

आपली चूक इथंच होते. माणूस उदास झाला की दवाखान्यात नेतो, आणि तेजीचे दिवस सांगतच नाही. "तेव्हा तर चांगला होता की!" मग नुसतं डिप्रेशन समजून गोळ्या सुरू होतात, आणि त्यानेच काहींचा उन्माद उसळतो.

म्हणून मंडळी, घरच्यांनी सोबत जा, सगळं सांगा. १४४१६ वर टेलिमानसचा फोन मोफत आहे. आणि येरवडा हे दवाखान्याचं गाव आहे, त्याची शिवी करू नका.