बनगावची जलसंजीवनी (१९७१)

बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबवलेली उपचारमोहीम. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते द्रावण रुग्णाला तोंडाने पाजत राहणे, एवढाच हा उपचार. मराठीत तो आज जलसंजीवनी या नावाने घरोघर माहीत आहे. द्रावणाचा शोध बनगावात लागला नाही. तो आधीच रुग्णालयांत लागला होता. बनगावात ते डॉक्टरांच्या हातून रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती गेले, आणि साथीच्या वैद्यकात बनगावचे महत्त्व त्यामुळे आहे.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्यासत्र सुरू केले. डिसेंबरपर्यंत सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. त्यांतली बहुसंख्य पश्चिम बंगालमध्ये. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात सांडपाण्यासाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत कुटुंबेच्या कुटुंबे राहत होती. जेसोर रस्त्यावरील बनगाव हे तेव्हाच्या चोवीस परगणा जिल्ह्यातले लहान गाव. त्याच्या आसपास सुमारे साडेतीन लाख निर्वासित गोळा झाले होते. पावसाळा तोंडावर आला होता, पिण्याचे पाणी आणि मैला यांत अंतर उरले नव्हते. उपाशीपोटी चालत आलेल्या माणसांत मे-जूनमध्ये पटकी सुरू झाली.

पटकीचा रुग्ण मरतो तो अंगातले पाणी संपल्याने. भाताच्या पेजेसारखे जुलाब आणि वांत्या यांतून तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची कातडी सुरकुतते, नाडी लागेनाशी होते. सकाळी हिंडताफिरता असलेला माणूस संध्याकाळी गेलेला असे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मरीआईच्या देवळांमागे आणि पंढरपूरच्या यात्रांतील पटकीच्या जुन्या आठवणींमागे हीच भीती आहे. गेलेले पाणी आणि क्षार वेळेत भरून काढले तर मात्र जवळजवळ प्रत्येक रुग्ण वाचतो. त्यासाठी तेव्हाचा मान्य उपाय शिरेतून सलाईन देण्याचा होता. सलाईनला निर्जंतुक बाटल्या, सुया, नळ्या आणि शीर शोधता येणारी माणसे लागतात. निर्वासितांच्या छावणीत नेमके हेच नसते.

महालनबीस यांचा जन्म १९३४ चा, किशोरगंजचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. बालरोगतज्ज्ञ म्हणून इंग्लंडमध्ये काम करून ते कोलकात्यात परतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या तेथील संशोधन केंद्रात तोंडावाटे द्यायच्या द्रावणांवर काम करू लागले. २४ जून १९७१ रोजी ते बनगावला पोहोचले. तिथल्या छोट्या रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर खेटून पडले होते. सलाईन लावायचे तर जुलाब-ओकाऱ्यांतच गुडघे टेकावे लागत. दोन दिवसांत त्यांना कळून चुकले की सलाईनचा साठा पुरणार नाही आणि ते लावणारे हातही पुरणार नाहीत.

मग त्यांनी जोखीम घेतली. अत्यवस्थ रुग्णांना आधी सलाईन, आणि त्यांना पिता येऊ लागले की लगेच द्रावण; बाकीच्यांना पहिल्यापासून द्रावणच. प्रमाण साधे ठेवले : एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्याच्या केंद्रात ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या भरण्याचे काम चाले. एक जण मोजे, दुसरा पॉलिथिनच्या पिशवीत भरी, तिसरा गरम इस्त्रीने पिशवीचे तोंड चिकटवी. पिशव्या बनगावला आल्या की तोटीच्या पिंपांत त्यांचे द्रावण होई आणि नातेवाईक पेल्या-मगांनी ते नेत. आई, बहीण, शेजारी, जो जवळ असेल तो पाजी. उलटी झाली की थोडे थांबून पुन्हा पाजी. सलाईन म्हणजेच खरे औषध हा लोकांचा विश्वास ओळखून या पाण्याला तोंडाने घ्यायचे सलाईन असे म्हणत. एका लिटरचा खर्च ११ पैसे येई.

आधी बनगावात दर शंभर रुग्णांत सुमारे तीस दगावत होते. आठ आठवड्यांत उपचार केलेल्या ३,७०० हून अधिक रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. ज्यांना द्रावण द्यायचे नाही असा तुलनेचा गट तिथे नव्हता. माणसे मरत असताना तो ठेवणे योग्यही झाले नसते. पण त्याच कारणाने वैद्यकीय जगाने या आकड्यांकडे प्रथम साशंकतेने पाहिले. शोधनिबंध १९७३ मध्ये छापला गेला. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी मात्र काम प्रत्यक्ष पाहिले आणि पुढे त्या संघटनेत या उपचाराचा नेटाने पाठपुरावा केला. बांगलादेशच्या गुप्त रेडिओवरून द्रावण बनवण्याची कृती सांगितली गेली. युद्धाच्या बातम्यांबरोबर औषधाची कृतीही सीमेपलीकडे पोहोचली, ही गोष्ट फार मोलाची वाटते.

यामागचे शास्त्र थोडक्यात असे. पटकीचे विष आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर ओतते, परंतु ग्लुकोज शोषताना आतडे त्याच्यासोबत सोडियम आत घेते ती वाट शाबूत राहते. सोडियममागून पाणी येते. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. त्याआधी १९५३ मध्येच कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडावाटे द्रावण देऊन १८६ रुग्ण बरे केल्याचे लॅन्सेटमध्ये लिहिले होते. त्याची दखल घेतली गेली नाही. १९६२ मध्ये मनिला येथे क्षारांचे प्रमाण चुकून काही रुग्ण दगावले आणि डॉक्टर धास्तावले. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवून दिले की जेवढे पाणी गेले तेवढे मोजून पाजले तर सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. पण रुग्णालयात मोजायला परिचारिका असतात. तंबूत ते जमेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता.

छावण्यांमधल्या आरोग्यसेवेचे सारेच यश नव्हते, हेही नोंदवायला हवे. सॉल्ट लेकच्या छावणीत शिरलेली देवीची साथ वेळेत ओळखली गेली नाही. युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्यांबरोबर, १९७० पासून देवीमुक्त असलेल्या बांगलादेशात ती पुन्हा गेली आणि तिथून हटायला १९७५ उजाडले.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने द्रावणात पोटॅशियम मिसळले, सोड्याऐवजी सायट्रेट घातले आणि २००० नंतर मीठ व ग्लुकोज दोन्ही कमी केले. १९८० च्या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतील स्त्रियांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांचे सरबत करायला शिकवून आल्या. महालनबीस यांनी अफगाणिस्तान, इजिप्त, येमेन येथे पटकीविरुद्ध काम केले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी ते कोलकात्यात निवर्तले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ मध्ये जाहीर झाला. तो त्यांच्या हयातीत मिळायला हवा होता.

जुलै १९९४ मध्ये रवांडातील लाखो निर्वासित झैरेच्या गोमा शहराजवळ जमले, तेव्हा पटकी आणि हगवणीने महिनाभरात सुमारे पन्नास हजार माणसे मेली. जगभरच्या मदतसंस्था तिथे होत्या आणि जलसंजीवनीही होती. तरी अनेक केंद्रांत सलाईन फार सावकाश दिले जात होते आणि द्रावण पुरेसे पाजले जात नव्हते. अनेक मदतनिसांनी पटकीचा रुग्ण पूर्वी पाहिलेलाच नव्हता. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचे पथक तेथे गेले, त्याने या चुका नोंदवल्या आणि एक उपचारकेंद्र स्वतः चालवायला घेतले. तिथले मृत्यू झपाट्याने कमी झाले.