निर्देश, घटक-चिन्हांकनातील

संकेतस्थळाच्या पृष्ठावरील एखादा भाग केव्हा दाखवावा, किती वेळा दाखवावा किंवा वापरणाऱ्याने भरलेल्या माहितीशी तो कसा जोडावा, याविषयीची आज्ञा पृष्ठाच्या चिन्हांकनातच ठराविक शब्दाने नोंदविली असता तिला निर्देश किंवा ‘डिरेक्टिव्ह’ म्हणतात. ज्या स्वयंपूर्ण व पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या भागांतून पृष्ठ जुळविले जाते, ते घटक होत. साच्यांच्या परंपरेतील निर्देश घटकांच्या चिन्हांकनात आणताना, निर्देश कोणी वाचावा व केव्हा वाचावा, हा मुख्य प्रश्न उपस्थित झाला.

उगम : टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत निर्माण केलेली एचटीएमएल ही भाषा मजकुराची रचना सांगते, अट वा पुनरावृत्ती व्यक्त करण्याची सोय तीत नाही. ही उणीव प्रथम सर्व्हरवरील आज्ञावल्यांनी भरून काढली. १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांची पीएचपी साधने व अलेअर बंधूंची कोल्डफ्यूजन प्रणाली प्रसिद्ध झाली. कोल्डफ्यूजनमध्ये अशा आज्ञांसाठी चिन्हांकनासारखेच टॅग योजिले गेले. पुढे झोप या प्रणालीतील टॅल भाषेने आज्ञा स्वतंत्र टॅगऐवजी मूळ टॅगचा गुणधर्म म्हणून लिहिण्याची पद्धत अवलंबिली. त्यामुळे साचा नेहमीच्या संपादन-साधनात उघडला, तरी पृष्ठाची मांडणी विस्कटत नसे. मिश्को हेवरी व ॲडम एब्रन्स यांनी आरंभिलेल्या अँग्युलरजेएस या प्रणालीमुळे (आवृत्ती १.०, २०१२) ही पद्धत ब्राउझरमधील आज्ञावलीत सर्वत्र परिचित झाली.

जेएसएक्सचा मार्ग : फेसबुक कंपनीत जॉर्डन वॉक यांनी निर्मिलेली रिॲक्ट प्रणाली २०१३ मध्ये सर्वांस खुली झाली. तिच्या जेएसएक्स या लेखनपद्धतीत प्रत्येक टॅग म्हणजे जावास्क्रिप्टमधील एक फलन-आवाहनच होय. साहजिकच अट व पुनरावृत्ती यांसाठी वेगळे शब्द न ठेवता मूळ भाषेचीच साधने वापरली जातात. साच्यांची सवय असलेल्यांना मात्र त्यातील कंसांची गुंतागुंत वाचण्यास अवघड वाटे. इव्हान यू यांच्या व्ह्यू प्रणालीने (२०१४) गुणधर्मरूप निर्देशच कायम ठेवले.

क्रमाचा प्रश्न : कार्ले (जि. पुणे) येथील चैत्यगृहात ३७ स्तंभ असून त्यांपैकी काहींवर दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. या स्तंभांची यादी देणाऱ्या पृष्ठावर केवळ लेखयुक्त स्तंभ दाखवावयाचे आहेत, असे मानू. त्यासाठी व्ह्यूच्या साच्यात एकाच टॅगवर पुनरावृत्तीचा व अटीचा असे दोन निर्देश लिहिले, तर दुसऱ्या आवृत्तीत (२०१६) पुनरावृत्तीस अग्रक्रम मिळून प्रत्येक स्तंभ घेऊन अट तपासली जाई. तिसऱ्या आवृत्तीत (२०२०) अटीस अग्रक्रम दिला गेला. परंतु अट तपासताना ‘स्तंभ’ हे चल अस्तित्वातच नसल्याने त्रुटी उद्‌भवते. लेखन तेच, पण परिणाम भिन्न. कारण कोणता निर्देश आधी वाचला जाईल, हे त्या लेखनात दिसत नाही. जेएसएक्समध्ये आधी यादी गाळून मग ती फिरवावी लागत असल्याने क्रम उघड असतो.

संकराचे प्रयत्न : जेएसएक्समध्ये निर्देश आणण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, अट हा साधा घटक करणे. यातील अडचण अशी, की घटकाला दिलेला आतला मजकूर घटक चालण्यापूर्वीच सिद्ध केला जातो. वरील उदाहरणात लेख नसलेल्या स्तंभाचाही लेखमजकूर वाचण्याचा प्रयत्न होऊन पृष्ठ बंद पडते. दुसरा मार्ग, जेएसएक्स-कंट्रोल-स्टेटमेंट्स यासारख्या जोडणीने विशेष टॅगचे आधीच साध्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणे. यात वरील दोष टळतो. परंतु रूपांतरापूर्वीचा मजकूर तपासणाऱ्या साधनांना पुनरावृत्तीतील चल अघोषित वाटते. तिसरा मार्ग, निर्देश जाणणारी अनुवादक आज्ञावली प्रणालीतच ठेवणे. रायन कार्निआटो यांच्या सॉलिड प्रणालीत (१.०, २०२१) अटीच्या घटकातील मजकूर गरज पडेपर्यंत सिद्ध होत नाही. तथापि तीतही मूलद्रव्यावर गुणधर्म म्हणून लावलेला स्वनिर्मित निर्देश टाइपस्क्रिप्टला निरुपयोगी वाटून त्याची आयात गाळली जाण्याचा धोका असतो.

निष्कर्ष : या अनुभवांतून निर्देशांचे दोन वर्ग स्पष्ट झाले. तयार झालेल्या मूलद्रव्यावर कार्य करणारे निर्देश, उदा., ते झाकणे वा नोंदीच्या चौकटीशी माहिती जोडणे, हे घटक-चिन्हांकनात सहज सामावतात. मूलद्रव्य मुळात निर्माण व्हावे की नाही, हे ठरविणारे निर्देश मात्र भाषेच्या प्रवाहनियंत्रणाचा भाग असतात. व्ह्यूच्या अधिकृत जेएसएक्स जोडणीने पहिल्या वर्गास स्थान देऊन अट व पुनरावृत्ती जावास्क्रिप्टवर सोपविली आहे. रिच हॅरिस यांच्या स्वेल्ट प्रणालीत (२०१६) अटीसाठी स्वतंत्र खंड, तर माहिती जोडण्यासाठी गुणधर्म, अशी विभागणी आढळते. गुणधर्मरूप निर्देशांच्या प्रसारास कारणीभूत झालेल्या अँग्युलरनेही सतराव्या आवृत्तीत (२०२३) अट व पुनरावृत्ती यांसाठी खंडरचना आणली आणि विसाव्या आवृत्तीत (२०२५) जुने निर्देश त्याज्य ठरविले.