मराठी पात्याचें पोलाद

मराठ्यांच्या शस्त्रांविषयीं आजवर जें लेखन झालें आहे त्यांत शस्त्र कोणाचें, तें कोणत्या प्रसंगीं चाललें व सांप्रत कोणाच्या संग्रहीं आहे, या प्रश्नांना अग्रस्थान मिळालें आहे. पातें कोणत्या जातीच्या पोलादाचें, आणि तीच जात त्या कामास कां निवडिली, हा प्रश्न मात्र मुठीच्या व कोफ्तगारीच्या वर्णनांत बहुधा हरवून जातो. वास्तविक मूठ बदलतां येते, म्यान नवें करतां येतें, लेख मागाहून कोरतां येतो. शस्त्राच्या अंगीं मूळचें असें काय तें पातेंच. म्हणून सातारा व सांगली या दोन प्रांतांतील संग्राहकांच्या उपयोगार्थ या विषयाची कांहीं जुळवाजुळव येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. आपल्या भाषेंत ‘लोखंड’ व ‘पोलाद’ हे दोनच शब्द नव्हते. तिखें, गजवेल, खेडी, सकेला असे अनेक शब्द लोहार, शिकलगार व शस्त्रपारखी यांच्या तोंडीं होते. तिखें म्हणजे धार घेणारें कठीण लोखंड. सकेला म्हणजे मऊ व कठीण पट्ट्या एकत्र तापवून, घडी घालून, ठोकून एकजीव केलेलें. आणि अस्सल पोलाद म्हणजे मुशींत वितळवून केलेलें, ज्याच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखा जौहर उमटतो तें. ज्या समाजांत एका वस्तूला इतकीं नांवें असतात त्या समाजास त्या वस्तूंतील भेद कळत होते, हें निराळें सांगावयास नको.

आतां हें लोखंड येई कोठून? सातारा प्रांताची भूमि काळ्या कातळाची. तींत उत्तम लोहपाषाणाच्या खाणी नाहींत. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा जो थर आहे त्यांत लोहांश पुष्कळ आहे. महाबळेश्वराच्या परिसरांत धावड नांवाची मुसलमान जात हा दगड कोळशाच्या भट्टींत घालून लोखंड काढीत असे. पुढें इंग्रजी अमलांत जंगलावर निर्बंध आले, कोळसा दुर्मिळ झाला, विलायती लोखंड स्वस्त मिळूं लागलें, आणि हा धंदा बुडाला. या भट्टींत लोखंड वितळत नसे. मळीनें भरलेला मऊ गोळा हातीं येई व तो ठोकून शुद्ध करावा लागे. नाल, खिळे, फाळ, विळे यांस असें लोखंड पुरे. पण लांब पात्यास तें एकटें उपयोगी नाहीं. त्याची धार वांकते व पातें एकदां वांकलें कीं वांकलेलेंच राहतें.

उत्तम पोलाद येई तें पूर्वेकडून व दक्षिणेकडून. तेलंगणांतील कोनसमुद्रम् हें गांव याविषयीं विशेष प्रसिद्ध होतें. डॉक्टर व्हॉयसी यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील कृति पाहिली. त्याचें वर्णन १८३२ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत छापलें आहे. निरनिराळ्या जातींचें लोखंड मातीच्या मुशींत बंद करून, दीर्घकाळ प्रखर आंच देऊन, मग अत्यंत सावकाश निवूं देत. तेथें पोलाद खरेदीसाठीं इराणांतील व्यापारी येऊन राहत असत, यावरून या मालाची कीर्ति किती दूरवर होती हें ध्यानांत येईल. मुंबईचा डॉक्टर हेलेनस स्कॉट यानें १७९४ मध्यें या पोलादाचे नमुने लंडनास सर जोसेफ बँक्स याजकडे धाडिले, आणि १७९५ मध्यें जॉर्ज पिअर्सन यानें रॉयल सोसायटीपुढें त्यांचें परीक्षण मांडिलें. लोहाराचा मुलगा असलेला मायकेल फॅरडे यानेंही १८१९ च्या सुमारास याच पोलादाचें पृथक्करण आरंभिलें. म्हणजे युरोपांतील धातुविद्येच्या एका पर्वाला प्रेरणा मिळाली ती आपल्या देशांतील मुशींतून, आणि तीही मुंबईमार्गें.

या पोलादाचे गुण कोणते व दोष कोणते? त्यांत कोळशाचा अंश, म्हणजे कार्बन, शेकडा सुमारें दीड असतो. त्यामुळें त्यांत अतिशय कठीण कणांच्या ओळी बनतात. त्याच जौहर म्हणून डोळ्यांस दिसतात. व्हेरहोव्हेन प्रभृति अमेरिकन संशोधकांनीं १९९८ मध्यें दाखविलें कीं, लोखंडांत व्हॅनेडियमसारख्या धातूचा अल्पसा अंश असल्यावांचून या ओळी नीट जमत नाहींत. विशिष्ट खाणींचें लोखंड मिळेनासें होतांच ही विद्या लोप कां पावली, याचा उलगडा त्यांनीं यावरूनच केला आहे. असलें पोलाद फार तापविलें तर हातोड्याखालीं फुटतें व जौहरही नाहींसा होतो. म्हणून मंद आंचेवर, धीरानें घडवावें लागतें. त्याची धार मांस व वस्त्र यांतून ओढून कापण्यास अप्रतिम. परंतु पातें लांब, पातळ व सरळ केलें तर चिलखतावर आडवा घाव बसतांच तें तुटण्याचा संभव असतो. हा दोष प्राचीनांस ठाऊक होता. रशियांतील लोक आपल्या तलवारींचें मधलें अंग मऊ लोखंडाचें व धारा तेवढ्या पोलादाच्या करितात, कारण निव्वळ मुशीचें पोलाद तेथील थंडींत तुटतें, असें अल्-बेरूनी यानें अकराव्या शतकांतच नमूद केलें आहे.

तिसरें पोलाद समुद्रापलीकडचें. जर्मनींतील सोलिंगेन, स्पेनमधील तोलेदो व इटलींतील निरनिराळीं गांवें यांतून सरळ, लांब पातीं पोर्तुगीज व इतर टोपीकर व्यापाऱ्यांबरोबर कोंकणच्या बंदरांत येत. त्यांस आपल्या लोकांनीं ‘फिरंग’ म्हटलें. या पोलादांत कोळशाचा अंश मुशीच्या पोलादाहून पुष्कळ कमी. पण त्यास पाणी देऊन पुन्हा मंद तापवीत, त्यामुळें पातें वेतासारखें वांकून पुन्हा सरळ होई. धार जौहरी पात्याइतकी तीक्ष्ण राहत नसे. मात्र दगा देत नसे. फिरंगेचें पातें घ्यावें, त्यास कारागिराकडून मराठी घाटाची मूठ बसवावी, पात्याच्या बुडाशीं दोन्ही बाजूंनीं पोलादी आधारपट्ट्या जडवाव्या, आणि धोप म्हणून वापरावी, असा प्रघात पडला. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या नांवाची जी तलवार महाराष्ट्र सरकारनें एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांतून मिळविली, तीही याच जातीची: पातें युरोपीय, मूठ मराठी, आणि नांव व पदवी सोन्याच्या देवनागरी अक्षरांत. तंजावरास तर मराठ्यांच्या अमदानींत युरोपीय पात्यांचे तुकडे कट्यारींस बसविलेले आढळतात.

या तीन जातींतून निवड कशी होई, याचें उत्तर कामाच्या स्वरूपांत आहे. घोडेस्वाराला भरधांव जातांना लांब पल्ल्याचा वार करावयाचा व प्रसंगीं भोंसकावयाचें. पट्टेकऱ्याचें पातें तर फिरतांना सतत लवणारें. या दोघांस लवचिकपणा हा प्राणाहून प्रिय. म्हणून धोप व पट्टा यांस फिरंगी पातें उत्तम. वांकड्या समशेरीचा वार ओढून कापणारा. तिला जौहरदार पोलाद शोभतें. बिचवा, खंजीर, कट्यार, शिकारीचा सुरा हीं आंखूड शस्त्रें. त्यांस लवण्याची गरज नाहीं, धार व टोंक टिकण्याची आहे. तेथें मुशीच्या पोलादाचा ठिसूळपणा अंगावर येत नाहीं व कठीणपणा मात्र कामास येतो. ज्यास तें परवडत नसे त्यास सकेला होताच.

राजवाड्यांनीं मराठ्यांवर भौतिक शास्त्रांच्या हेळसांडीचा जो ठपका ठेविला आहे तो सर्वस्वीं खोडून काढावा असें आम्ही म्हणत नाहीं. पातीं विकत घेणें व पातीं घडविण्याचे कारखाने काढणें यांत मोठें अंतर आहे, आणि तें अंतर मराठ्यांनीं भरून काढिलें नाहीं. परंतु परकी पातें कमरेस लावलें म्हणजे स्वदेशी पोलादाचें अज्ञान, हें अनुमान बरोबर नाहीं. एकाच शिलेखान्यांत तिन्ही जाती नांदत, आणि प्रत्येकीस ठरलेलें काम होतें. ही पारख आहे, लाचारी नव्हे.

आतां भवानी तलवारीच्या वादाकडे वळूं. साताऱ्याच्या राजघराण्यांतील तलवारीचें पातें जिनोव्याचें आहे, असें ग्रँट डफ यानें आपल्या ग्रंथांत सांगितलें. कोल्हापुराहून १८७५ मध्यें प्रिन्स ऑफ वेल्स यास नजर झालेल्या तलवारीचें पातेंही युरोपीय असून त्यावर ख्रिस्ती संक्षेपाक्षरें उमटविलेलीं आहेत. शिवाजीमहाराजांस कोंकणांतील सावंतांकडून फिरंग मिळाल्याची हकीकतही प्रसिद्ध आहे. यावरून एक पक्ष म्हणतो, युरोपीय पातें म्हणून ही भवानी. दुसरा म्हणतो, परकी पातें म्हणून ती भवानी नव्हे. आमच्या मतें दोन्ही अनुमानें फसवीं आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांत असंख्य सरदारांपाशीं फिरंगी पातीं होतीं. तेव्हां पोलादावरून पात्याचें जन्मस्थान कळेल, धनी कळणार नाहीं. धनी ठरविण्यास समकालीन याद्या, जामदारखान्याच्या नोंदी व वारसाची अखंड परंपरा हींच साधनें. साताऱ्याच्या संग्रहालयांत जुलै २०२४ मध्यें प्रदर्शनार्थ मांडलेल्या वाघनखांसही हाच नियम लागू आहे. ग्रँट डफच्या घराण्याकडून तीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास मिळालीं एवढें निश्चित. त्यापुढील दुवा सिद्ध करतां येत नाहीं, असें तें संग्रहालयही सांगतें.

पात्यावरील छापांविषयीं विशेष सावध राहावें. विळ्याच्या आकाराचे जिनोवी छाप व तशींच इतर चिन्हें यांना बाजारांत किंमत असल्यामुळें देशी कारागीरही त्यांची नक्कल करीत. तेव्हां छाप दिसला कीं ‘फिरंग’ अशी नोंद करणें घातक आहे. आधीं पोलाद पाहावें. लहरींसारखा जौहर असेल तर छाप कोणताही असो, पातें मुशीच्या पोलादाचें. सांध्याच्या रेषा व पदर दिसत असतील तर सकेला. दोन्ही नसून खोबणी रेखीव असतील व पातें लवत असेल, तर युरोपीय असण्याचा संभव अधिक. मात्र लववून पाहण्याचा प्रयोग जुन्या पात्यावर कोणीं करूं नये. गंजानें आंतून खाल्लेलें पातें हातांत तुटेल.

ही पारख अजून सर्वथा नष्ट झालेली नाहीं. कृष्णा-वारणेच्या कांठीं उसाचा कोयता घडविणारा लोहार बाजारांतील मऊ सळई घेत नाहीं. मोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा घेतो. कारण पुसल्यास म्हणेल, ‘पाटा धार धरतो आणि तुटत नाहीं.’ पाट्याच्या पोलादांत कोळशाचा अंश बेताचा असून तें लवण्यासाठींच केलेलें असतें. उसाच्या कांड्यावर दिवसभर घाव घालणाऱ्या पात्यास अति कठीण पोलाद टवके उडून निकामी करील, हें तो ग्रंथावांचून जाणतो. धोपेस फिरंग निवडणाऱ्याची व याची विचारसरणी एकच.

संग्राहकांस शेवटीं एवढीच विनंति कीं, पातीं कांचकागदानें घांसून लखलखीत करूं नयेत. जौहर हा पृष्ठभागावर हिराकसाच्या पाण्यानें उघड केलेला असतो. एका दिवसाच्या घांसण्यानें तो दिसेनासा होतो व पात्याची ओळख बुजते. गंज दिसल्यास हलकें तेल लावून कोरडें ठेवावें, व पुढील काम जाणत्यावर सोपवावें. नोंद करितांना लांबी, रुंदी, वजन, खोबणींची संख्या, छापाची जशीच्या तशी आकृति व जौहर आहे कीं नाहीं, हीं सहा कलमें लिहावींत; धन्याचें नांव व परंपरागत कथा वेगळ्या रकान्यांत लिहावी. वाड्यावाड्यांतून आज भिंतीवर टांगलेलीं पातीं अशा रीतीनें नोंदलीं गेलीं, तर कोणत्या प्रांतांत कोणतें पोलाद केव्हां चाललें याचा नकाशा तयार होईल, आणि मराठ्यांच्या व्यापाराचा व युद्धपद्धतीचा इतिहास कागदांप्रमाणेंच लोखंडावरूनही वाचतां येईल.