बाळू पालवणकर : क्रीडाकौशल्य आणि सामाजिक दर्जा

प्रस्तावना
एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये रग्बी व क्रिकेट या खेळांना आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. १८७१ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. १८९५ मध्ये कामगार खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या प्रश्नावरून उत्तर इंग्लंडमधील क्लब मूळ संघटनेतून बाहेर पडले. खेळ वर्गभेदापासून अलिप्त नव्हता, हे यावरून दिसते. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाला वर्गाबरोबरच जातीचे परिमाण होते. बाळू पालवणकर यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासनीय ठरते.

पुण्यातील जडणघडण
चर्मकार समाजातील बाळू यांचा जन्म धारवाड येथे १८७६ च्या सुमारास झाला. वडील लष्करी सेवेत असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले. पारशी क्लबच्या मैदानावर खेळपट्टीची देखभाल करण्यासाठी त्यांना दरमहा ३ रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये हे वेतन ४ रुपये झाले. तेथे जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या नामवंत फलंदाजाला सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी विकसित झाली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळत नव्हती. गोलंदाजी हे श्रमाचे, तर फलंदाजी हे प्रतिष्ठेचे काम मानले जाई.

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंनी युरोपियनांना हरविण्यासाठी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्याच हातातील चेंडू झेलत; परंतु चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांचे कौशल्य स्वीकारले गेले, सहभोजन मात्र नाकारले गेले.

मुंबई आणि इंग्लंड
प्लेगच्या काळात बाळू मुंबईस गेले व तेथील हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने या संघाने गमावले. तथापि बाळूंनी ११४ बळी मिळविले.

संघनायकत्वाचा प्रश्न
एवढी कामगिरी करूनही हिंदू संघाचे नियमित नायकत्व बाळूंना कधीही लाभले नाही. १९२० मध्ये नायकाच्या निवडीतील अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये नायकपद विठ्ठल यांच्याकडे आले व हिंदू संघ विजयी झाला.

राजकीय जीवनात बाळू १९३२ च्या पुणे कराराचे एक स्वाक्षरीकर्ते होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष
खेळामुळे अस्पृश्यता आपोआप नाहीशी झाली, असे म्हणता येत नाही. विजयासाठी खेळाडूची गरज होती, तेवढ्यापुरतेच बंधन सैल झाले. अधिकारपदाचा प्रश्न येताच ते पुन्हा आवळले गेले. संघात प्रवेश बाळूंच्या कौशल्याने मिळवून दिला. नेतृत्व मात्र पालवणकर बंधूंना संघटित निषेधानंतरच मिळाले. म्हणूनच प्रवेश आणि समता यांतील अंतर मोजण्यासाठी हे चरित्र सामाजिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरते.